बर्फाच्या खाडीतला एक दिवस



आजचं बोलणं जरा लांबच्या मुलखातलं आहे. पण त्याची सुरुवात झाली आपल्याच एका गटाच्या बैठकीत. गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. बचत गोळा झाली, वहीत नोंद झाली आणि कर्जमागणीचा विषय निघाला. एका मावशींनी दीड लाखाची मागणी ठेवली. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "धाकट्याक बोटीर पाठवूचा आसा. एजंट पैसे मागता." त्यांचा थोरला मुलगा आधीच एका मोठ्या प्रवासी जहाजावर कामाला आहे. कोणीतरी विचारलं, "थोरलो थंय काय काम करता?" मावशी म्हणाल्या, "लोकांका बर्फाचे डोंगर दाखवतत."

सगळ्या हसल्या. मावशी ओशाळल्या. नंतर आमच्याच लक्षात आलं की हसणाऱ्यांपैकी एकीलाही त्या जहाजावरचं काम माहीत नव्हतं. म्हैस घ्यायला कर्ज मागितलं, तर आम्ही दूध किती देते, वेत कितवं, चारा कुठून आणणार, सगळं विचारतो. काजूच्या कामाला मागितलं, तर बी कुठून घेणार ते विचारतो. आणि पोराला परमुलखात पाठवायचं कर्ज काहीच न विचारता द्यायला निघालो होतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हेच केलं होतं. दुसऱ्या एका गटात एका ताईंना मुलाच्या बोटीच्या नोकरीसाठी कर्ज मंजूर केलं. एजंटने पैसे घेतले, आज-उद्या करत राहिला, मग फोन बंद झाला. मुलगा घरीच राहिला आणि ताईंनी दुसऱ्याच्या बागेत मजुरी करून हप्ते फेडले. गटाची वसुली शंभर टक्के झाली म्हणून आमचं कौतुकही झालं. ते कौतुक आजही आम्हाला टोचतं.

म्हणून यावेळी ठरवलं, आधी समजून घ्यायचं. मावशींचा थोरला सुट्टीवर आला, तेव्हा आम्ही चौघीजणी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. त्याने फोनवर बर्फाच्या कड्याचा व्हिडिओ दाखवला. चाळीस सेकंदांचा. आम्ही म्हटलं, "हे झालं चाळीस सेकंदांचं. आता उरलेला दिवस सांग." त्याने सांगितलं ते आणि त्या जागेबद्दल आम्ही वाचून घेतलं ते, असं दोन्ही मिळून आज तुम्हाला सांगतो.

खाडी, पण आपल्यासारखी नाही

अमेरिकेच्या वायव्य टोकाला अलास्का नावाचं राज्य आहे. 1867 साली अमेरिकेने ते रशियाकडून विकत घेतलं. या राज्याच्या आग्नेय भागात, कॅनडाच्या सीमेजवळ ग्लेशियर बे आहे. ग्लेशियर म्हणजे हिमनदी. समुद्राचं पाणी जमिनीत खोलवर शिरलेलं आणि वरून हिमनद्या उतरलेल्या, अशी ही जागा. 1925 साली तिला संरक्षण मिळालं आणि 1980 साली ती राष्ट्रीय उद्यान झाली.

मे ते सप्टेंबर या महिन्यांत तिथे मोठी प्रवासी जहाजं जातात. बहुतेक सफरी आठवडाभराच्या असतात आणि सिएटल किंवा व्हँकुव्हर या शहरांतून निघतात. वाटेत जुनो, स्कॅगवे अशी गावं लागतात, तिथे प्रवासी उतरून फिरतात. पण ग्लेशियर बेच्या दिवशी जहाज कुठेच लागत नाही. सकाळी आत शिरायचं, हिमनदीसमोर उभं राहायचं आणि दुपारी परत फिरायचं.

आता तुम्ही म्हणाल, खाडी तर आपल्याकडेही आहे. तेरेखोलची आहे, विजयदुर्गची आहे. फरक समजून घ्या. आपली खाडी म्हणजे नदीच्या खोऱ्यात शिरलेला समुद्र. दोन्ही काठ उतरते, तळाला गाळ, आणि भरती बघून होडी आत घ्यावी लागते. तिथली दरी नदीने नव्हे, हिमनदीने कोरली. हिमनदी म्हणजे शेकडो फूट जाडीचा बर्फ. तो डोंगर खरवडत, दगड फोडत खाली सरकतो. तो मागे हटला की खोल, उभ्या भिंतींची दरी उरते आणि तिच्यात समुद्र भरतो. अशा दरीला फियॉर्ड म्हणतात. ग्लेशियर बे काही ठिकाणी 400 मीटरपेक्षा खोल आहे. म्हणून तर इमारतीएवढं जहाज पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊ शकतं.

बर्फ आणि तो सरकतो, हे आमच्या मावशींना पटेना. काकवी ताटात ओतली की ती आपल्याच वजनाने हळूहळू पसरते ना, तसंच समजा. उंच डोंगरावर वर्षानुवर्षं हिम पडतं, सगळं वितळत नाही, थरावर थर बसतो. खालच्या थरातली हवा वरच्या वजनाने दाबून निघते आणि त्याचा घट्ट बर्फ होतो. तो साठा पुरेसा जड झाला की स्वतःच्या भाराने उताराला लागतो, दिवसाला थोडा थोडा. चारधामला जाऊन आलेल्या मैत्रिणींनी गोमुखाचं नाव ऐकलं असेल. तिथे गंगोत्री हिमनदीतून भागीरथी बाहेर पडते. ग्लेशियर बेमध्ये काही हिमनद्या थेट समुद्रात उतरतात, एवढाच फरक.

सकाळ : शिडीवरून येणारे पाहुणे

तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे आहे. आपण देवाजवळ सांजवात लावतो, साडेसात वाजलेले असतात, तेव्हा तिथे सकाळचे सहा. जूनमध्ये तिथे पहाटे चारच्या सुमाराला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यामुळे सहा वाजता चांगला लख्ख उजेड असतो.

खाडीच्या तोंडाशी बार्टलेट कोव्ह नावाची जागा आहे. तिथे उद्यानाचं कार्यालय आहे. तिथून एक छोटी बोट जहाजाला येऊन भिडते. जहाज चालतच असतं. बाजूने दोराची शिडी सोडतात आणि उद्यानाचे रेंजर, म्हणजे वनखात्याच्या माणसांसारखी माणसं, त्या शिडीवरून वर चढतात. त्यांत बायकाही असतात. दिवसभर त्या ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात, प्रवाशांच्या प्रश्नांना उत्तरं देतात आणि संध्याकाळी तशाच शिडीने उतरतात. थोरला म्हणाला, "जहाजावर एवढे साहेब असतात, पण त्या दिवशी शब्द रेंजरबाईंचा."

नियमही कडक आहेत. दिवसाला दोनच मोठ्या प्रवासी जहाजांना आत सोडतात. जिथे देवमासे जास्त असतात तिथे वेग 13 नॉटवर आणायला लावतात, म्हणजे ताशी साधारण 24 किलोमीटर. जॉन्स हॉपकिन्स नावाच्या एका फाट्यात सीलची पिल्लं बर्फाच्या तरंगत्या लाद्यांवर जन्मतात. सीलला पाण्यातला सस्तन प्राणी समजा, पिल्लाला दूध पाजणारा. त्या फाट्यात मे ते ऑगस्ट मोठ्या प्रवासी जहाजांना जाताच येत नाही. हंगाम पैशाचा असला, तरी बाळंतिणीची खोली बंद म्हणजे बंद.

वेगाच्या नियमामागे एक दुखरी गोष्टही आहे. 2001 साली एका प्रवासी जहाजाची धडक बसून एक मादी देवमासा मेली. ती गाभण होती. 1975 पासून अभ्यासक तिला शेपटीवरच्या खुणांवरून ओळखत होते. 'स्नो' हे तिचं नाव. तिची हाडं वर्षानुवर्षं साफ करून, जोडून 2014 साली बार्टलेट कोव्हला तिचा अख्खा सांगाडा उभा केला आहे. तो 45 फूट लांब आहे. वेग कशासाठी कमी करायचा, हे तिथे वेगळं सांगावं लागत नाही.

आत जाताना रान लहान होत जातं

खाडीच्या तोंडापासून वरच्या हिमनदीपर्यंतचं अंतर सुमारे 65 मैल, म्हणजे साधारण 105 किलोमीटर. कणकवलीहून पणजी गाठण्याइतकं समजा. या वाटेवर एक गंमत दिसते. तोंडाशी घनदाट उंच झाडं आहेत. पुढे झाडं ठेंगणी होतात. आणखी पुढे नुसती झुडपं, मग दगडाला चिकटलेलं शेवाळ आणि शेवटी उघडा खडक.

कारण असं. सुमारे 1750 साली ही सगळी खाडी बर्फाने भरलेली होती. चार हजार फूट जाड आणि वीस मैल रुंद बर्फ होता. 1794 साली कॅप्टन व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतली माणसं तिथे आली, तेव्हा खाडी जेमतेम पाच मैल आत जात होती, पुढे बर्फाची भिंत. 1879 साली जॉन म्यूर हे निसर्गअभ्यासक आले, तोवर बर्फ चाळीस मैलांहून जास्त मागे हटला होता. 1916 पर्यंत तो 65 मैल मागे गेला. जिथला बर्फ आधी हटला तिथलं रान जुनं, जिथला नंतर हटला तिथलं कोवळं.

त्याच 1916 साली विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी उघड्या जमिनीचे छोटे चौकोन आखले आणि त्यात काय काय उगवतं याची नोंद सुरू केली. ती मोजणी शंभर वर्षांनंतरही चालू आहे. खडकावर पहिल्यांदा जी झाडं तग धरतात, त्यांत ड्रायस नावाची पसरट वेल आणि अल्डर नावाचं झुडूप आहे. दोघांच्याही मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतला नत्र जमिनीत आणतात. आपण भातानंतर कुळीथ, वाल पेरतो ते नुसत्या आमटीसाठी नाही, जमिनीला कस येतो म्हणूनही. तेच काम तिथे बिनपेरता होतं. त्या कसावर मग मोठी झाडं उभी राहतात.

अकरा वाजता : हिमनदीसमोर

साधारण अकराच्या सुमाराला जहाज मार्जरी हिमनदीसमोर येतं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. मुलगा बर्फासमोर असतो, तेव्हा आई झोपेत असते.

मार्जरी हिमनदी 34 किलोमीटर लांब आहे. ती फेअरवेदर नावाच्या पर्वतरांगेतून उतरते. तिथलं सर्वांत उंच शिखर 4,600 मीटरपेक्षा जास्त आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे जवळजवळ तीन कळसूबाया एकावर एक. समुद्राजवळ हिमनदीचं तोंड मैलभर रुंद आहे. पाण्यावर सुमारे 250 फूट उंच कडा आणि पाण्याखाली आणखी शंभर फूट. जहाज साधारण पाव मैलावर थांबतं आणि जागच्या जागी हळूहळू वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दिसतं. तासभर असं चालतं.

बर्फ पांढरा असतो असं आपण समजतो. हा बर्फ निळा दिसतो. तो इतका दाबलेला असतो की त्यात हवेचे बुडबुडे फारसे उरत नाहीत. उजेड खोलवर शिरतो, त्यातला तांबडा रंग बर्फ शोषून घेतो आणि निळा बाहेर येतो. आणि खाली पाणी मात्र दुधाळ हिरवट. हिमनदी जात्यासारखी दगड दळते, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहतं. म्हणून तो रंग.

मध्येच कड्याचा एखादा भाग सुटतो. आधी तो पडताना दिसतो, पाणी उसळतं आणि क्षणभराने गडगडाट ऐकू येतो. वीज आधी दिसते, आवाज मागून येतो, तसंच. डेकवर दोन-अडीच हजार माणसं असतात, पण त्या वेळी कोणी बोलत नाही, असं थोरला म्हणाला. काही जहाजांवर तेव्हा वाटाण्याचं घट्ट गरम सूप वाटतात. लोक घोंगड्या पांघरून, हातात वाटी धरून बघत राहतात.

शेजारीच ग्रँड पॅसिफिक नावाची दुसरी हिमनदी आहे. दगडमातीने माखलेली, काळपट. पुष्कळांना ती हिमनदी वाटतच नाही. पण ही सगळी खाडी मुख्यतः तिनेच कोरली. देखणी असते तिचे फोटो निघतात आणि राबणारी धुळीने माखलेली असते. हे वाक्य आमच्या गटातल्या एका वहिनींचं आहे बरं का.

त्याच वेळी खाली

आता उरलेल्या दिवसाबद्दल. दोन-अडीच हजार प्रवाशांच्या जहाजावर हजाराच्या आसपास कामगार असतात. मावशींचा थोरला गॅलीत आहे. गॅली म्हणजे जहाजाचं स्वयंपाकघर. त्याचं काम स्वयंपाक करण्याचं नाही, भांडी आणि फरशी धुण्याचं. प्रवासी ज्या दिवशी जहाजातून उतरत नाहीत, त्या दिवशी गॅलीत सर्वांत जास्त काम. सगळे दिवसभर जहाजावरच, म्हणजे नाश्ता, जेवण, चहा, सूप, सगळं सगळ्यांना.

त्याचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. झोपायची खोली पाण्याच्या पातळीच्या आसपास, दोघांत एक, खिडकी नाही. तिथून कामावर जायला जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब बोळ असतो. पुष्कळ जहाजांवर त्याला 'आय-नाइंटी-फाइव्ह' म्हणतात, अमेरिकेतल्या एका महामार्गाच्या नावावरून. त्या बोळातून भाजीच्या गाड्या, धुण्याच्या गाड्या, कचऱ्याच्या गाड्या आणि माणसं यांची दिवसरात्र ये-जा. वर डेकवर कोणालाही हा बोळ दिसत नाही.

"मग हिमनदी आली हे तुला कसं कळतं?" आम्ही विचारलं. तो म्हणाला, "इंजिनाचा आवाज कमी होतो. आणि बर्फाचे तुकडे बोटीच्या अंगाला घासतात, त्याचा खरखर आवाज खाली येतो." त्या हंगामात तो कितीदा तरी तिथे गेला. डोळ्यांनी बर्फ बघितला तो चारदा. मुकादम चांगला असला तर पाळीपाळीने दहा मिनिटं वर सोडतो. ओल्या अॅप्रनने वर यायचं, गारठ्यात उभं राहायचं, व्हिडिओ काढायचा आणि परत खाली. आपण बघितलेले चाळीस सेकंद ते हेच.

दिवसाला दहा-अकरा तास काम, तेही दोन-तीन तुकड्यांत. आठवड्याची सुट्टी नाही. सात-आठ महिन्यांचा करार संपला की घर. पगार मात्र वेळेवर जमा होतो. त्याच पैशांतून मावशींचं घर दुरुस्त झालं, बहिणीचं लग्न झालं. तो तक्रार करत नव्हता. फक्त म्हणाला, "आईला सांगू नका भांडी घासतो म्हणून." मावशी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "अरे, मी जल्मभर काय केलंय?"

तिथल्या मूळ माणसांची गोष्ट

ही खाडी कोणाची तरी आहे. हूना त्लिंगित नावाच्या समाजाचं ते माहेर. माहेर म्हणतो, कारण त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, मूल आईच्या कुळाचं. बर्फ पुढे येण्यापूर्वी तिथे गवताळ सपाट जमीन होती, मासळीने भरलेली नदी होती आणि त्यांची घरं होती. त्यांचे वडीलधारे सांगत आले की हिमनदी आली ती कुत्रा धावतो तशी धावत आली. गाव सोडावं लागलं. पुढे त्यांनी दुसरीकडे वस्ती केली, ते आजचं हूना गाव. बर्फ हटल्यावर त्यांनी जुन्या जागेला नवं नाव दिलं. त्याचा अर्थ होतो, हिमनदी होती त्या जागची खाडी.

त्यांच्याकडे यामागे एक गोष्ट सांगतात. कास्तीन नावाची मुलगी वयात आली म्हणून तिला रीतीप्रमाणे एकटीला आडोशाला बसवलं होतं. कंटाळून तिने सुक्या मासळीचा तुकडा दाखवत हिमनदीला कुत्र्यासारखी हाक मारली आणि हिमनदी आली. सगळे निघाले तेव्हा एकीने मागे राहायचं ठरलं. एमी मार्विन या आजींनी सांगितलेल्या गोष्टीत कास्तीन स्वतः मागे राहते. सुसी जेम्स या आजींच्या गोष्टीत म्हातारी शावात्सीक म्हणते की पोर तरणी आहे, तिला पुढे मुलंबाळं होतील, मी राहते. दोन्ही गोष्टी 1987 साली पुस्तकात छापल्या गेल्या. आडोशाला बसवणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. बैठकीत ही गोष्ट सांगितली, तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही.

या जागेला संरक्षण मिळाल्यानंतर या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हक्कांवर बंधनं आली. त्यांच्या बायकामुलं दरवर्षी बेटांवर जाऊन समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करत. तेही बंद झालं. त्यांची अंडी काढायची रीत शहाणपणाची होती. घरट्यात एक-दोन अंडी असली तर घ्यायची, कारण पक्षीण पुन्हा घालते. तीन झाली, की ती उबवायला बसणार, तिला हात लावायचा नाही. अभ्यासकांनी तपासलं, तर त्यांनाही ही रीत पटली. शेवटी 2014 साली कायदा करून त्यांना मर्यादित प्रमाणात अंडी घेण्याची मुभा दिली. 2016 साली बार्टलेट कोव्हला त्यांचं सामायिक घर पुन्हा उभं राहिलं. त्याच्या नावाचा अर्थ हूना पूर्वजांचं घर. आता काही जहाजांवर रेंजरबरोबर त्यांच्यातली माणसंही चढतात आणि आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगतात.

बर्फ वितळतोय, त्याचं काय?

हे आमच्या गटातल्या शाळकरी मुलीने विचारलं. खरं उत्तर दोन भागांत आहे. या खाडीतला बर्फ मागे हटायला लागला तो अडीचशे वर्षांपूर्वी, तेव्हा ना मोटारी होत्या ना अशी जहाजं. समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या कधी पुढे येतात, कधी झपाट्याने मागे जातात, तो त्यांचा स्वभाव. हा झाला पहिला भाग. दुसरा भाग असा की आज अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या पातळ होताहेत, आपल्या हिमालयातल्या पुष्कळशा होताहेत आणि त्याला तापणारी हवा कारण आहे. गोमुखही मागे सरकलं आहे. हवा तापते ती कोळसा आणि तेल जाळल्याने. आणि हिमनदी बघायला नेणारं जहाजही तेलावरच चालतं. तिथे जाऊन येणारे पुष्कळ लोक हा विचार मनात घेऊन परततात. आपल्या पोरांची पोटं त्याच जहाजावर चालतात, हेही तितकंच खरं.

आता कर्जाचं

ही सगळी माहिती कर्जमागणीच्या निमित्ताने घेतली होती, म्हणून तिकडे येतो. कोकण आणि गोव्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जात आली आहेत. जाऊ नका असं आम्ही म्हणणार नाही. पण या चार गोष्टी वहीत लिहून ठेवा.

एक. जहाजावर भांडी घासणारा, खोल्या झाडणारासुद्धा कायद्याने नाविक आहे. नाविकांसाठी 2006 चा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि भारताने तो 2015 साली मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. उमेदवाराने खर्च करायचा तो वैद्यकीय दाखला, नाविक पुस्तिका म्हणजे सीडीसी आणि पासपोर्ट यांचा. व्हिसाचा खर्च जहाजाच्या मालकाने करायचा. सुरक्षेच्या मूलभूत प्रशिक्षणाची फी वेगळी. ती मान्यताप्राप्त संस्थेत पावती घेऊनच भरा.

दोन. भरती करणाऱ्याकडे नौवहन महानिदेशालयाचा परवाना हवा. त्याला आरपीएसएल म्हणतात. नंबर मागा आणि महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर तो तपासा. गटातल्या कॉलेजच्या मुली हे काम पाच मिनिटांत करतात.

तीन. करार सही करण्याआधी वाचा, एक प्रत घरी ठेवा. पगार, कामाचे तास, परतीचं तिकीट त्यात असायला हवं. 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती, हा हक्क आहे.

चार. जहाजाचं नाव आणि कंपनीचा फोन नंबर आईच्या हाताशी लिहिलेला असू द्या. फक्त मुलाच्या मोबाइलमध्ये नको.

मावशींच्या मागणीचं काय झालं, ते सांगतो. आम्ही एजंटकडे परवान्याचा नंबर मागितला. "देतो, देतो" म्हणाला, दिला नाही. गटाने दीड लाख नाकारले. मावशी महिनाभर आमच्याशी नीट बोलल्या नाहीत. नंतर त्याच आल्या. गटाने पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षणापुरतं कर्ज मंजूर केलं, पैसे थेट संस्थेला दिले, पावती फाइलला लावली. रक्कम आधीच्या मागणीपेक्षा पुष्कळ कमी होती. धाकटा सध्या शिकतो आहे. नोकरी लागेलच असं आज कोणी सांगू शकत नाही. पण लागली नाही, तरी मावशींना दुसऱ्याच्या बागेत राबून हप्ते फेडावे लागणार नाहीत.

दुपारी चारच्या सुमाराला ते जहाज बर्फाच्या खाडीतून बाहेर पडतं. रेंजरबाई शिडीवरून उतरतात. गॅलीत रात्रीच्या जेवणाची तयारी सुरू होते. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच झालेले असतात. मावशी चूल पेटवतात. आता कोणी विचारलं की थोरला काय करतो, तर त्या सरळ सांगतात, "बोटीर भांडी घासता. मोठी बोट आसा." आणि मग हिमनदी निळी का दिसते, तेही सांगतात.

तुमच्या गटात कोणाचं पोर बोटीवर असेल, तर त्याला त्याचा अख्खा दिवस विचारा आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा. नमस्कार.